दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला : एका जुन्या व्हिडिओ गेमच्या चिपची फसलेली दुरुस्ती



आजचा लेख कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर नाही. पण आठवीच्या विज्ञानातला अर्धा विद्युत-पाठ आणि त्याहून मोठा असा 'चूक कशी शोधायची' हा पाठ त्यात आपोआप येतो. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आठवीतला एक मुलगा प्रयोगशाळेच्या दारात घुटमळत होता. हातात कापडी पिशवी. आत राखाडी रंगाचं एक चौकोनी डबडं. म्हणाला, "सर, रागावणार नाही ना? हे पप्पांचं आहे. मी उघडलं आणि बिघडवलं. त्यांना अजून माहीत नाही."

त्याचे वडील काही वर्षं अमेरिकेत नोकरीला होते. तिथे एका जुन्या वस्तूंच्या विक्रीत त्यांनी निंटेंडोचं एनईएस हे व्हिडिओ गेमचं यंत्र घेतलं होतं. ते घरी जपून ठेवलेलं. गेले काही महिने चालू केलं की लाल दिवा सारखा उघडझाप करायचा आणि गेम काही सुरू व्हायचा नाही. मुलाने इंटरनेटवर वाचलं की आतल्या एका चिपचा चौथा पाय कापला की हा त्रास थांबतो. त्याने पाय कापला. दिवा तरीही उघडझाप करतच राहिला. पोराला वाटलं, आपण यंत्र कायमचं मारलं.

हे यंत्र आहे तरी काय?

आपल्यापैकी जे १९९० च्या दशकात शाळेत होते, त्यांना 'टीव्ही गेम' आठवत असेल. पिवळ्या रंगाची कॅसेट, दोन रिमोट, मारिओ आणि कॉन्ट्रा. गेम अडकला की कॅसेट काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. आपल्याकडची ती बहुतेक यंत्रं निंटेंडोच्या 'फॅमिली कॉम्प्युटर' या जपानी यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्र १९८३ साली जपानमध्ये आलं. त्याचंच अमेरिकेसाठी केलेलं रूप म्हणजे एनईएस. ते १९८५ मध्ये आधी न्यूयॉर्कमध्ये विक्रीला आलं.

दोन्हींत एक मोठा फरक होता. जपानी यंत्राच्या कॅसेटला ६० टोकं होती, अमेरिकी यंत्राच्या कॅसेटला ७२. या वाढीव टोकांपैकी ४ टोकं फक्त एका कामासाठी होती : कुलूप-किल्ली.

चिपमधलं कुलूप

१९८३ च्या सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. कोणीही कसलेही गेम काढत होतं आणि ग्राहकांचा विश्वास उडाला होता. निंटेंडोने ठरवलं की आपल्या परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट यंत्रात चालताच कामा नये. त्यासाठी यंत्रात एक छोटी १६ पायांची चिप बसवली आणि तशीच एक चिप प्रत्येक कॅसेटमध्ये. यंत्रातली चिप म्हणजे कुलूप, कॅसेटमधली म्हणजे किल्ली.

यंत्र चालू झालं की दोन्ही चिप एकाच वेळी एकच लांबलचक गणित सोडवायला घेतात आणि उत्तरं एकमेकींना सांगत राहतात. दोघींची उत्तरं जुळत राहिली तर कुलूप गप्प बसतं. एकही उत्तर चुकलं, किंवा उत्तर आलंच नाही, तर कुलूप मुख्य प्रोसेसरला रीसेट करतं. साधारण सेकंदाला एकदा, पुन्हा पुन्हा. त्याबरोबर दिवाही लुकलुकतो. मुलाला दिसत होता तो हाच दिवा.

हे कुलूप तोडायचे प्रयत्न त्या काळीही झाले. काही कंपन्यांनी कॅसेटमधून विजेचा झटका देऊन कुलूप-चिप गोंधळवून टाकायची युक्ती काढली. अटारी गेम्स या कंपनीने तर अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला खोटं कारण सांगून चिपच्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली आणि त्यावरून स्वतःची किल्ली बनवली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९९२ मध्ये कौल निंटेंडोच्या बाजूने लागला. गंमत अशी की १९९३ मध्ये निंटेंडोने या यंत्राचं जे नवं, वरून कॅसेट घालायचं रूप काढलं, त्यात हे कुलूप ठेवलंच नाही.

मुलांशी बोलताना एक गोष्ट स्पष्ट सांगावी. आपण जे केलं ते घरच्या, विकत घेतलेल्या यंत्रावर, घरच्याच अस्सल कॅसेट चालाव्यात म्हणून केलं. नकली गेम वाटत फिरणं हा वेगळा विषय आहे आणि तो आपला नाही.

चौथा पाय कापल्याने काय होतं?

यंत्रातली आणि कॅसेटमधली चिप मुळात सारख्याच जातीची असते. आपण कुलूप आहोत की किल्ली हे तिला कळतं ते चौथ्या पायावरून. चौथ्या पायाला ५ व्होल्ट मिळाले तर ती कुलूप होते. तो पाय जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडला तर ती किल्ली होते. किल्लीला रीसेट करायचा अधिकार नसतो. म्हणजे यंत्रातल्या चिपचा चौथा पाय ५ व्होल्टपासून तोडला की वर्गातला मॉनिटर स्वतःच बाकावर जाऊन बसतो. कोणाची नावं फळ्यावर लिहिणारं कोणी उरत नाही.

इतकं सोपं आहे, तर मग मुलाचं फसलं कुठे? आम्ही एक वही काढली आणि चार रकाने आखले : लक्षण, अंदाज, तपासणी, निकाल. नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी लिहायची.

पायरी १ : वीज

आधी सुरक्षितता. यंत्र उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढलेला हवा. ॲडाप्टर किंवा टीव्ही मुलांनी कधीही उघडायचा नाही. यंत्राच्या आत फक्त कमी दाबाची वीज येते, म्हणून तिथे मोठ्यांच्या देखरेखीखाली काम करता येतं.

अमेरिकेतली घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिकडचा ॲडाप्टर थेट आपल्या बोर्डात घातला तर जळतो. या घरी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर वापरत होते, ते योग्यच. एनईएसच्या मूळ ॲडाप्टरमधून ९ व्होल्टचा एसी येतो. यंत्राच्या आत त्याचा डीसी होतो आणि रेग्युलेटर तो ५ व्होल्टवर आणतो. आम्ही मल्टिमीटरने चिपच्या १६ व्या आणि ८ व्या पायामधला दाब मोजला. जवळपास ५ व्होल्ट. वहीत लिहिलं : वीज ठीक.

पायरी २ : पाय बरोबर मोजला का?

मोबाइल दुरुस्ती शिकणारी मुलंही इथे चुकतात, म्हणून जरा थांबू या. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. ती खाच वर धरली की डावीकडचा सर्वांत वरचा पाय पहिला. तिथून खाली मोजत ८ व्यापर्यंत यायचं. मग उजवीकडे सर्वांत खालचा ९ वा आणि वर मोजत जाऊन १६ वा. म्हणजे मोजणी घड्याळाच्या उलट दिशेने होते.

खाच चुकून खाली धरली तर चौथा समजून आपण १२ वा पाय कापतो. बोर्ड उलटा करून मागून मोजलं तर आरशासारखी डावी-उजवी बाजू बदलते आणि चौथा समजून आपण १३ व्या पायावर जातो. मी मुलाला हे कागदावर काढून, कागद पालटून, खिडकीच्या उजेडात धरून दाखवलं. त्याने पाय चौथाच कापला होता. पोराचा जीव भांड्यात पडला. वहीत लिहिलं : पाय बरोबर.

पायरी ३ : पाय खरंच तुटला का?

इथे माझीच चूक होता होता राहिली, ती सांगायलाच हवी.

चिप नीट वरून पाहिली तर कापल्याची रेघ दिसत होती. मला वाटलं, कापलेला पाय अधांतरी राहिल्याने त्रास होत असेल. कुठेही न जोडलेला पाय भरवशाचा नसतो. आजूबाजूच्या विजेच्या गडबडीने चिप त्याला कधी ५ व्होल्ट समजेल, कधी शून्य. अनेकांचं नुसतं कापून भागतं, पण पक्कं काम म्हणजे तो पाय जमिनीला जोडणं. म्हणून मी सोल्डरिंग आयर्न तापवलं, पातळ वायर घेतली आणि चौथा पाय जमिनीला जोडायला हात पुढे केला.

मुलगा म्हणाला, "सर, आधी मोजायचं ठरलंय ना?"

आयर्न स्टँडवर ठेवलं. मल्टिमीटर बीपच्या खुणेवर लावला. एक काडी चिपच्या चौथ्या पायाला, दुसरी बोर्डावरच्या त्याच्या जागेला. बीप वाजला! पाय कापला होता, पण वरचा तुकडा खाली वाकून कापलेल्या बुडख्याला टेकत होता. दिसायला तुटलेला, विजेच्या दृष्टीने जोडलेलाच. चिपला अजूनही ५ व्होल्ट मिळत होते, ती अजूनही कुलूपच होती, म्हणून दिवा अजूनही लुकलुकत होता.

आता विचार करा, मी न मोजता तो पाय जमिनीला जोडला असता तर? एका बाजूने ५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूने जमीन, मध्ये काहीच अडथळा नाही. म्हणजे सरळ शॉर्टसर्किट. आगीतून फुफाट्यात. वडिलांचं यंत्र मुलाने नव्हे, मी बिघडवलं असतं. त्या पोराने मला वाचवलं, हे मी सोमवारी वर्गातही सांगितलं.

पायरी ४ : उचलणं आणि जोडणं

आम्ही बारीक चिमट्याने पाय अलगद वर उचलला. एकाच दमात जोर लावला नाही, कारण पाय मुळाशी मोडला तर सोल्डरला जागाच उरत नाही. पुन्हा मोजलं. बीप नाही. मग पाय पातळ वायरने ८ व्या पायाला, म्हणजे जमिनीला जोडला. पुन्हा मोजलं : चौथा आणि आठवा, बीप आहे. चौथा आणि बोर्डावरची जुनी जागा, बीप नाही. मगच वीज दिली.

दिवा स्थिर. मुलगा उडी मारणार, इतक्यात टीव्हीकडे लक्ष गेलं. पडदा नुसता राखाडी. मारिओ नाही, आवाज नाही.

पायरी ५ : राखाडी पडदा

पोराचा चेहरा पडला. "म्हणजे चिप मेलीच ना सर?"

मी विचारलं, "दिवा लुकलुकायचा थांबला म्हणजे आपण काय बदललं? कुलूप गप्प केलं. पण कुलूप ओरडत का होतं?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याला किल्लीचं उत्तर ऐकू येत नव्हतं."

"का येत नव्हतं?"

"कॅसेट नीट टेकत नसेल."

हाच तो गाभा. एनईएसमध्ये कॅसेट आडवी आत सरकवून खाली दाबायची असते. आत ७२ टोकांचा एक कनेक्टर असतो. वर्षानुवर्षं वापरून त्याच्या पट्ट्या सैल पडतात, त्यांच्यावर आणि कॅसेटच्या टोकांवर मळ व ऑक्साइडचा थर बसतो. कुलूप-किल्लीची ४ टोकं टेकली नाहीत तर दिवा लुकलुकतो. पण जिथे ही ४ टेकत नाहीत, तिथे गेमची माहिती नेणारी बाकीची टोकंही टेकत नसण्याची शक्यता मोठी. कुलूप काढून टाकलं तरी प्रोसेसरला गेम वाचता येत नाही तो नाहीच. मग पडद्यावर एकच रंग दिसतो, नाहीतर तुटक चित्रं.

आपल्याकडे म्हण आहे ना, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मुलाने चिपवर उपचार केला, दुखणं कनेक्टरला होतं. एवढंच नाही, लुकलुकणारा दिवा हा तापासारखा होता. आत काहीतरी बिनसलंय हे तो सांगत होता. आपण थर्मामीटर फोडून ताप उतरला म्हणत होतो.

आम्ही बोर्ड बाहेर काढला. ७२ टोकांचा कनेक्टर बोर्डाच्या कडेवरून ओढला की सरकून निघतो. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्याच्या पट्ट्या, बोर्डाची कड आणि कॅसेटची टोकं पुसली. कापसाचा बोळा काळा झाला, तेव्हा मुलाने स्वतःहून वहीत लिहिलं : मळ सापडला. ज्या पट्ट्या दबल्या होत्या त्या सुईने केसभर वर केल्या. सगळं पूर्ण वाळू दिलं. कनेक्टर परत बसवला आणि दोन-तीनदा काढून घालून पाहिला, म्हणजे टोकं एकमेकांवर घासून बसतात.

तिसऱ्या प्रयत्नाला संगीत वाजलं. दुसरी एक कॅसेट मात्र अजूनही फाटकी चित्रं दाखवत होती. तिची टोकं पुन्हा पुसल्यावर तीही चालली.

जाता जाता फुंकरीबद्दल. फुंकर मारल्याने कॅसेट चालायची, असा आपल्या पिढीचा ठाम विश्वास आहे. खरं म्हणजे कॅसेट काढून परत बसवल्याने टोकं नव्या जागी टेकायची. श्रेय फुंकरीला मिळायचं, काम बसवण्याने व्हायचं. तोंडातल्या ओलाव्याने उलट धातू खराब होतो. दोन गोष्टी एकत्र केल्या की श्रेय कोणाला द्यायचं हे कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ती यासाठीच.

थोडक्यात : लक्षण पाहून काय समजावं

- दिवा लागतच नाही : चिपला दोष देऊ नका. ॲडाप्टर, स्विच, ५ व्होल्ट या क्रमाने तपासा.
- पाय कापूनही दिवा लुकलुकतो : पाय पूर्ण तुटलेला नाही, चुकीचा तुटला आहे किंवा अधांतरी आहे. बीपने तपासा.
- कधी चालतं, कधी लुकलुकतं : अधांतरी पायाचा संशय घ्या. आधी तो तुटल्याची खात्री करा, मगच जमिनीला जोडा.
- दिवा स्थिर, पडदा एकरंगी : कुलूप गेलं, आता संपर्क तपासा. कनेक्टर आणि कॅसेट पुसा.
- एक कॅसेट चालते, दुसरी नाही : यंत्र ठीक आहे, दोष त्या कॅसेटमध्ये आहे.
- काही गरम होतंय किंवा वास येतोय : लगेच प्लग काढा. पुढचं सगळं नंतर.

वर्गात कसं वापराल?

यासाठी एनईएस हवंच असं नाही. साध्या बॅटरीच्या टॉर्चवर हाच पाठ छान होतो. पाच टॉर्च घ्या. प्रत्येकीत एक वेगळा दोष ठेवा : एक सेल उलटा, एका सेलच्या टोकावर पारदर्शक चिकटपट्टी, बल्ब सैल, स्प्रिंगवर कागदाचा तुकडा. पाचव्या टॉर्चमध्ये दोन दोष एकदम ठेवा. गटांना चार रकान्यांची वही द्या. अट एकच, न लिहिता काही बदलायचं नाही.

पाचव्या टॉर्चपाशी खरी मजा येते. मुलं एक दोष दुरुस्त करतात, तरी दिवा लागत नाही, म्हणून ती दुरुस्ती चुकीची समजून पुन्हा बिघडवून ठेवतात. आमच्या राखाडी पडद्यापाशी नेमकं हेच होणार होतं. एक दुरुस्ती बरोबर असूनही यंत्र बंद राहू शकतं, हे मुलांना हाताने कळतं.

मूल्यमापन करताना टॉर्च पेटली की नाही याला कमी गुण द्या आणि वहीला जास्त. ज्या गटाने 'हा अंदाज चुकला' असं प्रामाणिकपणे लिहिलं असेल, त्या गटाचं वर्गात कौतुक करा.

पालकांसाठी दोन शब्द

यंत्र चालू झालं तेव्हा चार वाजले होते. मी मुलाला म्हणालो, "आता घरी जाऊन पप्पांना सगळं सांगायचं. चाललं म्हणून नाही, उघडलं म्हणून." तो म्हणाला, "आता चाललंय तर सांगायची काय गरज?" मी वहीकडे बोट दाखवलं. "यात खोटं एक तरी लिहिलंय का आपण?"

सोमवारी त्याचे वडील शाळेत आले. म्हणाले, "सर, त्याने वही दाखवली. बिघडवलं त्याचं काही वाटलं नाही. दोन आठवडे तो घाबरून माझ्याशी नीट बोलत नव्हता, त्याचं वाईट वाटलं. मी तसा चिडका आहे हे मला माहीत आहे." पुढे ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

मूल एखादी वस्तू मोडतं तेव्हा आपण पहिला प्रश्न विचारतो, "कोणी केलं?" तिथेच मूल लपवायला शिकतं. त्याऐवजी "काय काय करून पाहिलंस?" असं विचारून पाहा. हा प्रश्न विचारला की मूल तुमच्या शेजारी येऊन बसतं.

ती वही आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. मुखपृष्ठावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : 'आधी मोजा.' तुमच्या शाळेत किंवा घरी टॉर्चचा प्रयोग करून पाहिलात, तर मुलांनी काय काय अंदाज बांधले ते जरूर कळवा. चुकलेले अंदाज आधी!